चपट्या कृमींचा अभ्यास करून काय मिळतं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासद व कुटुंबीयांसमोर केलेले भाषण. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



मागे एकदा मी इथंच नॉमिनेशन आणि मृत्युपत्र या विषयावर बोललो होतो. यंदाही सेक्रेटरी साहेबांनी सुचवलं की काका, ज्येष्ठांच्या ठेवींवर बोला. मी म्हटलं, पंचवीस वर्षांतून एकदा रौप्यमहोत्सव येतो, त्यात तरी व्याजदर नको. आज मी समुद्रातल्या चपट्या कृमींवर बोलणार आहे. मघाशी बोर्डावर विषय वाचून दोघा-तिघांनी विचारलं, "वाशिममध्ये बसून समुद्रातले कृमी? काहून बापा?" प्रश्न रास्त आहे. समुद्र आपल्यापासून साडेचारशे-पाचशे किलोमीटर दूर. समृद्धी झाल्यापासून मुंबई जवळ आली म्हणतात, पण समुद्र काही मालेगावला आलेला नाही.

कारण सांगतो. आपल्याच सोसायटीतल्या एका मुलीनं यंदा बारावी सायन्स केलं. मार्क चांगले आहेत. तिला बी.एस्सी. झूलॉजी करायचं आहे, आणि पुढे समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायचा आहे. घरच्यांचं म्हणणं, एक वर्ष आणखी देऊ, नीट पुन्हा दे. घरात अबोला झाला. तिच्या आई-वडिलांच्या परवानगीनंच मी हे बोलतोय, नाव घेत नाही. पार्किंगमधल्या बाकावर चर्चा निघाली तेव्हा एक जण म्हणाले, "किड्यांचा अभ्यास करून काय मिळतं?" मी बँकेतला माणूस. काय मिळतं हा प्रश्न मी चौतीस वर्षं टेबलाच्या पलीकडच्या माणसाला विचारत आलो. म्हटलं, याही प्रश्नाचं उत्तर नीट हिशेब मांडून शोधावं. दोन महिने वाचत होतो, नातवानं इंटरनेटवरून कागद काढून दिले. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी ओळख करून घेऊ. चपटे कृमी आपल्याला परके नाहीत. इथल्या बऱ्याच जणांची शेती आहे, गुरं आहेत, निदान गावाकडं भावाकडं आहेत. शेळीच्या लेंड्यांत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात, ते पट्टकृमीचे तुकडे. पावसाळ्यानंतर डबक्याकाठी चरणाऱ्या गुरांच्या जबड्याखाली सूज येते, जनावर वाळत जातं, डॉक्टर सांगतात यकृतात पर्णकृमी झाले. तो डबक्यातल्या गोगलगायीत वाढतो आणि तिथून गवतावर येतो. हे दोन्ही चपट्या कृमींच्या घराण्यातले. जगात या घराण्याच्या वीस हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक अशाच दुसऱ्याच्या अंगावर जगणाऱ्या. घराण्याचं नाव खराब झालं ते त्यांच्यामुळं.

पण याच घराण्याची एक शाखा कुणाच्या पोटात राहत नाही. मोकळी फिरते, स्वतः शिकार करते. ओढ्याच्या पाण्यात दगडाखाली राहणारा प्लॅनेरिया त्यातलाच. झूलॉजीच्या पुस्तकात दोन तिरळ्या डोळ्यांचं ते चित्र असतं, मुलांना आठवत असेल. समुद्रात या मोकळ्या कृमींचा एक मोठा गट आहे, त्याला पॉलिक्लॅड म्हणतात. ग्रीक शब्द आहे, पॉली म्हणजे पुष्कळ आणि क्लॅडोस म्हणजे फांदी. फांद्या कशाच्या? आतड्याच्या!

हे जरा समजून घेण्यासारखं आहे. या प्राण्याला फुप्फुसं नाहीत, कल्ले नाहीत, हृदय नाही, रक्तही नाही. श्वास सगळ्या कातडीतून. म्हणून तो चपटा. जाड झाला तर आतल्या भागाला हवाच पोचणार नाही. आता रक्त नाही म्हटल्यावर खाल्लेलं अन्न अंगभर पोचवणार कोण? तर आतडंच फांद्या काढत काढत अंगाच्या कडेपर्यंत जातं. आपल्या गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक फ्लॅटला पाइप गेलाय, तसं. फक्त ड्रेनेजची लाइन वेगळी नाही. तोंड पोटाच्या बाजूला, आणि जिथून अन्न आत जातं तिथूनच उरलेलं बाहेर येतं. (मुलं हसली.) हसा, पण आपल्या बिल्डरनं अशी लाइन टाकली असती तर आपण कंझ्युमर कोर्टात गेलो असतो.

दिसायला मात्र देखणे. काही नखाएवढे, काही तळहाताएवढे. अंगावर जांभळे, नारिंगी, पिवळे पट्टे, ठिपके, काठ. पोहताना कडा अशा लहरतात की वाऱ्यावर पदर उडावा. स्युडोबायसेरॉस बेडफोर्डी नावाची एक जात आहे, पाण्यात बुडी मारणारे लोक तिला पर्शियन गालिचा म्हणतात, आणि फोटो पाहिलात तर नाव पटेल. काही जाती समुद्री गोगलगायींसारखं रूप घेतात. त्या गोगलगायी विषारी असतात, मासे त्यांना तोंड लावत नाहीत, मग यांनाही लावत नाहीत. प्रत्येक प्राणी नर आणि मादी दोन्ही असतो. त्यांच्या लग्नाची एक चमत्कारिक गोष्ट आहे, ती मुलं समोर असल्यामुळं चहाच्या वेळी विचारा.

अशा पॉलिक्लॅडच्या जगात आठशेच्या वर जाती नोंदल्या गेल्या आहेत. आता आपल्या महाराष्ट्राचा मुद्दा येतो. आपल्याला सातशेवीस किलोमीटरचा किनारा आहे असं आम्ही शाळेत घोकलं. त्या किनाऱ्यावर यातले किती राहतात, कोणते राहतात, हे अगदी अलीकडपर्यंत कुणी सलग बसून पाहिलेलंच नव्हतं.

ते पाहणारी एक मराठी मुलगी निघाली. रेश्मा पितळे त्यांचं नाव. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत त्यांनी हे काम केलं. ही पण सोसायटीच बरं का, १८८३ सालची. आपली पंचवीस वर्षं झाली म्हणून आपण मंडप घातला, तिची एकशे चाळीस उलटून गेली. तिथले डॉ. दीपक आपटे हे समुद्री जिवांचे नावाजलेले अभ्यासक, नंतर त्या संस्थेचे संचालकही होते. २०११ साली या दोघांनी लक्षद्वीपच्या प्रवाळांवरच्या पॉलिक्लॅडच्या नव्या नोंदी त्या सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या. आणि २०१९ साली न्यूझीलंडहून निघणाऱ्या झूटॅक्सा या नियतकालिकात दोघांचा निबंध आला, तो आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या युरिलेप्टिड कुळातल्या पॉलिक्लॅडवर. त्यात स्टायलोस्टोमम या वंशातली एक जात विज्ञानाला नवी म्हणून दिली आहे. म्हणजे जगात कुठल्याही पुस्तकात नाव नसलेला प्राणी आपल्या किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, माणसांच्या पायाजवळ राहत होता. पितळे बाईंची माझी ओळख नाही. त्यांच्या घरी काय बोलणी झाली असतील मला ठाऊक नाही. मी त्यांचं छापलेलं काम तेवढं सांगतोय.

स्टायलोस्टोमम हा वंश कुणी ठरवला? आर्नोल्ड लांग नावाच्या स्विस प्राणिशास्त्रज्ञानं, इटलीत नेपल्सच्या आखातातल्या पॉलिक्लॅडवर एक भलामोठा ग्रंथ लिहून, १८८४ साली. १८८४ ला तिकडं वंशाचं खातं उघडलं आणि १३५ वर्षांनी त्यात महाराष्ट्राची एक नोंद पडली. लक्षद्वीपचंही तेच. १८९९-१९०० च्या सुमारास स्टॅन्ली गार्डिनर यांची मोहीम मालदीव आणि लक्षद्वीपला आली होती, तिथले कृमी लेडलॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं अभ्यासून १९०२ साली लिहिले. त्यानंतर हे २०११. मधली शंभर वर्षं तिथले कृमी काही कुठं गेले नव्हते. बघणारं माणूस नव्हतं.

बघणारं माणूस का नव्हतं, याला कारणं आहेत, आणि तीच मला सगळ्यात रंजक वाटली.

पहिलं कारण वेळ. मी १९८० नंतर साडेतीन वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका शाखेत होतो. विदर्भातला माणूस, पहिले सहा महिने मला समुद्राचं गणितच कळेना. होडीसाठी कर्ज घेतलेले लोक हप्ता भरायला कधी सकाळी यायचे, कधी दुपारी शटर पडताना. आमच्या शिपायानं मला हिशेब शिकवला. म्हणाला, साहेब, तिथीला तीननं गुणा आणि चारनं भागा, भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. त्यापासून सहा-सव्वासहा तास मागंपुढं ओहोटी. गावागणिक थोडा फरक पडतो, पण ढोबळ हिशेब चुकत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तसंच खूप मागं जातं. एरवी बुडालेले खडक उघडे पडतात ते तेव्हाच.

आता कृमी शोधणाऱ्याचा हिशेब करा. खडक उघडे पडणार उधाणाच्या चार-पाच दिवसांत, पहाटे किंवा संध्याकाळी, जेमतेम दोन-अडीच तास. पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला, ते सोडून द्या. उरले आठ महिने, महिन्याला दहा दिवस, दिवसाला अडीच तास. वर्षाला दोनशे तास. बँकेतल्या कारकुनाचं ते सव्वा महिन्याचं काम झालं. एवढ्यात शेवाळानं निसरड्या झालेल्या खडकांवर वाकून, एकेक दगड उलटायचा, खाली बघायचं, आणि दगड होता तसा परत ठेवायचा. परत ठेवणं महत्त्वाचं. उलटा राहिला तर खाली राहणारे सगळे जीव उन्हानं मरतात.

आणि ते खडक कोणते? मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याला जो काळा पत्थर आहे तो आपलाच. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले, त्याचं एक टोक आपल्या विहिरींत लागतं आणि दुसरं टोक तिकडं समुद्रात उतरतं. रिसोडला विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तो दगड आणि कृमी ज्याच्या खाली दडतो तो दगड, दोघं एकाच कुळातले. त्यामुळं वाशिमचा समुद्राशी संबंधच नाही, असं मी तरी म्हणणार नाही.

दुसरं कारण आणखी अवघड. समजा कृमी सापडला. त्याला हात लावला, चिमट्यानं उचलला, तर तो फाटतो. बाटलीत ठेवला आणि पाणी थोडं तापलं, तर विरघळून चिकट गोळा होतो. औषधात टाकला तर आकसून गुंडाळी होते, रंग उडून जातो. पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी संग्रहालयात ठेवलेले कित्येक नमुने आज करड्या चिंधीसारखे दिसतात. लेस्ली न्यूमन आणि लेस्टर कॅनन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी यावर साधी युक्ती काढली. फॉर्मेलिन आधी गोठवून बर्फ करायचं. कृमीला स्वतःच्या पायानं, म्हणजे पाय नाहीत त्याला, पण स्वतःच्या चालीनं कागदावर चढू द्यायचं. तो पसरून नीट बसला की कागदासकट त्या गोठलेल्या औषधावर ठेवायचं. आकसायला वेळच मिळत नाही. आपल्याकडं कुल्फी विकणाऱ्याला सुचावी अशी युक्ती, पण तिच्यामुळं या विषयाचं रूप पालटलं. दोघांनी मिळून ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या कितीतरी नव्या जाती नोंदल्या.

तरी काम संपत नाही. रंगावरून जात ओळखावी तर एकाच जातीत रंग बदलतो, आणि दोन वेगळ्या जाती एकसारख्या दिसतात. मग प्राण्याचे कागदापेक्षा पातळ काप करायचे, रंगवायचे, काचेवर लावायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या अवयवांची मांडणी बघायची. डोळ्यांचे ठिपके किती, कुठं. तोंड कुठं. जननेंद्रियं कशी. हल्ली डीएनएही तपासतात. मग जगात आजवर त्या वंशात जे जे लिहिलं गेलं ते काढून ताडून बघायचं, त्यात लांगसाहेबांचं जर्मन पण आलं. एका सहीची शहानिशा करायला आम्ही स्पेसिमेन कार्ड काढायचो, त्याचीच ही थोरली बहीण. एवढं केल्यावर म्हणता येतं, हा नवा आहे.

आता "काय मिळतं" या प्रश्नाकडं वळतो.

उपयोगाच्या दोन-चार गोष्टी सांगता येतील. स्टायलोकस नावाचे पॉलिक्लॅड कालवं खातात. शिंपला किंचित उघडा दिसला की आत शिरतात. अमेरिकेत कालवांच्या शेतीचं त्यांनी पुष्कळ नुकसान केलेलं आहे. आपल्याकडं सिंधुदुर्गात महिला बचत गट खाडीत कालवं आणि शिनाणे पाळतात. कर्ज देणाऱ्या माणसाच्या नजरेनं सांगतो, पिकावरची कीड ओळखणारा माणूस राज्यात असणं हे सोयाबीनला जेवढं लागतं तेवढं कालवांनाही लागतं. दुसरं, प्लॅनोसेरा नावाच्या काही कृमींच्या अंगात तेच जहाल विष सापडतं जे जपानमधल्या फुगू माशात असतं. हे विष कुठून येतं, कसं साठतं, यावर औषधशास्त्रवाल्यांचं लक्ष आहे. तिसरं, ओढ्यातल्या प्लॅनेरियाचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचा नवा प्राणी होतो. टी. एच. मॉर्गन यांना फळमाशीवरच्या कामासाठी १९३३ साली नोबेल मिळालं. पण त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ते प्लॅनेरियाचे तुकडे करत बसले होते. २७९ वा भाग उरला तरी त्यातून पुरता प्राणी उगवतो, असा हिशेब त्यांच्या नावावर सांगितला जातो. जखम भरून येण्याचं शास्त्र आज ज्या प्राण्यांवर शिकतात त्यात हा कृमी आहे.

पण खरं सांगू का, मला या उपयोगांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त पटली. तुम्ही बातम्यांत वाचलं असेल, मुंबईत कोस्टल रोड झाला. त्यासाठी २०२० साली वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या काही प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडं नेल्या. का नेल्या? कारण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना हात लावायला परवानगी लागते. आणि तिथं प्रवाळ आहेत याकडं लोकांचं लक्ष गेलं याला बऱ्याच अंशी साधी माणसं कारण होती. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा गट ओहोटीच्या वेळी गिरगाव, जुहू, हाजी अलीच्या खडकांवर लोकांना फिरवतो, दिसेल त्याचा फोटो काढून नोंद ठेवतो. त्यात नोकरी करणारे, घर सांभाळणारे, शाळकरी पोरं, सगळे असतात. चपट्या कृमींना त्या अनुसूचीत जागा नाही. ज्याचं नावच कुणी लिहिलेलं नाही त्याला कुठल्या यादीत घालणार? उद्या एखाद्या किनाऱ्यावर जेटी होणार असेल, तर तिथं काय काय राहतं याचा अहवाल लागतो. ज्या रकान्यात लिहायला माणूस नाही तो रकाना रिकामा जातो, आणि रिकामा रकाना म्हणजे तिथं काही नाही असं धरलं जातं. खातं उघडलेलंच नाही त्याची शिल्लक कोण विचारणार? माझ्या लेखी पितळे बाईंनी आणि त्यांच्यासारख्यांनी खाती उघडण्याचं काम केलं.

आपल्या समुद्रात तर एक आख्खी बँकच आहे, आंग्रे बँक. हसू नका, खरी आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली बुडालेलं पठार, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं, वर प्रवाळ वाढलेलं. उथळात उथळ जागीसुद्धा वीस मीटर खाली. तिथल्या प्रवाळांच्या कपारींत कोणते कृमी आहेत, याची मोजदाद करायला पुढची कित्येक वर्षं माणसं लागतील. मी सर्व्हिसमध्ये बदलीसाठी पुष्कळ अर्ज केले, या बँकेचा अर्ज मात्र कुणी सुचवला नाही.

आता पैशाचं. याबाबतीत मी गोड बोलणार नाही, कारण घरातल्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

बी.एस्सी. तीन किंवा चार वर्षं, एम.एस्सी. एक किंवा दोन. मग नेट परीक्षेत ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. पण ती फेलोशिप परीक्षेला बसणाऱ्यांतल्या थोड्यांनाच मिळते. बाकीच्यांना प्रोजेक्टवर नोकरी, सहा महिन्यांची, वर्षाची, मुदत संपली की पुन्हा शोध. पीएच.डी. होईपर्यंत वय अठ्ठावीस-तीस. मी तेविसाव्या वर्षी बँकेत लागलो आणि महिन्याच्या शेवटी पगार मोजून घरी आलो. तसलं सुख यात नाही. मुदत ठेवीसारखी खात्री हवी असेल त्यानं इकडं येऊ नये.

मात्र दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडा. नीटच्या दुसऱ्या, तिसऱ्या प्रयत्नाला लातूरला, नांदेडला खोली, मेस, क्लास असं धरून आपण लाख-दोन लाख घालतो, आणि पोराचं एक वर्ष घालतो. त्याला आपण कुणी जोखीम म्हणत नाही. त्यालाही जोखीमच म्हणायला हवं. ज्याला मनापासून डॉक्टर व्हायचंय त्यानं जरूर द्यावी. ज्या पोरीनं स्वतःहून दुसरी वाट सांगितली तिला ढकलून त्या रांगेत उभं करण्यात मला शहाणपण दिसत नाही. आणि वाट अगदीच ओसाड नाही. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासूनची. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, १९६१ ची. रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे. लांब नको असेल तर आपल्या नागपूरलाच मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, त्या पदवीवर सरकारी खात्यात, मत्स्यशेतीत जागा असतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग १९१६ पासून चालू आहे. हे सगळे पत्ते आणि वेबसाइट मी एका कागदावर लिहून ऑफिसमध्ये ठेवलेत, झेरॉक्स काढून घ्या.

एका बाईंची हकीकत सांगतो, ती पैशाच्या बाबतीत मला फार आवडली. लिबी हायमन, अमेरिकेतल्या. १८८८ सालचा जन्म. चपट्या कृमींच्या त्या जगातल्या मोठ्या जाणकार. शिकागोत त्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या, आणि विद्यार्थ्यांसाठी प्रॅक्टिकलचं एक पुस्तक लिहिलं, मग दुसरं. ती पुस्तकं एवढी खपली की १९३१ साली त्यांनी नोकरी सोडली. रॉयल्टीवर घर चालवलं आणि स्वतःला हवं ते लिहायला बसल्या. न्यूयॉर्कच्या संग्रहालयानं त्यांना बसायला खोली दिली, पगार नाही. तिथं त्यांनी पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांवर सहा खंड लिहिले, पहिला १९४० चा, सहावा १९६७ चा. दुसरा खंड चपट्या कृमींचा. गंमत म्हणजे ज्या प्रॅक्टिकलच्या पुस्तकानं पोट भरलं ते लिहायला त्यांना मुळीच आवडत नव्हतं. म्हणून आमच्या या मुलीलाही मी एवढंच सुचवलंय की एक हात पोटापाण्याच्या कामावर ठेव. मत्स्यविज्ञान, डीएनएचं काम, फोटोग्राफी, शिकवणं, काहीही. दुसऱ्या हातात कृमी. आई-वडिलांना सुचवलंय की तीन वर्षं तिला पदवी करू द्या, तोवर पुढचं ठरवायची घाई नको. त्यांनी होही म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

जाता जाता पोरांसाठी. समुद्र लांब आहे म्हणून तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. पावसाळा सरला की ओढ्यांचं पाणी निवळतं. दिवाळीच्या सुट्टीत एका रविवारी सकाळी पैनगंगेला मिळणाऱ्या एखाद्या ओढ्यावर जाऊ. सावलीतला, वाहत्या पाण्यातला दगड हलकेच उलटायचा आणि खालची बाजू बघायची. करडा, चपटा, नखाएवढा, घसरत चालणारा दिसला तर भिंग लावून डोळे शोधायचे. दगडाखाली नाही मिळाला तर मटणाच्या काळजाचा छोटा तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायचा आणि अर्ध्या तासानं वर घ्यायचा, त्याला चिकटून येतात. मी शाकाहारी आहे, त्यामुळं काळीज आणायचं काम बी विंगनं करावं. मिळेलच असं नाही. आठ वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसाशिवाय यायचं नाही. दगड परत होता तसा ठेवायचा. नावं आजच सेक्रेटरी साहेबांकडं द्या, आणि येताना जुने बूट घाला.